जानकीकाकीने घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या वाडीत बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायचं नसतं. असं कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण आजवर कुणी घातलंही नव्हतं. देवापुढे किंवा राखणदारापुढे उभं राहून सगळ्या वाडीच्या वतीने मोठ्याने विनवणी करायची, हे काम ठरलेल्या घरच्या पुरुषाचं. आम्ही बायकांनी मागे उभं राहायचं, पदर सावरायचा आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर जानकीकाकीने काय केलं ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. त्याला वाटेल, एका कुत्र्यावरून एवढं काय.

मी नम्रता. वाडीतल्या पोस्टात काम करते आणि जानकीकाकी माझी शेजारीण. साठीला दोन वर्षं कमी, अंगाने काटकुळी, आवाज मात्र दोन माड पलीकडे ऐकू जाईल असा. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली, मूलबाळ नाही. वाडीच्या शाळेत ती पोषण आहार शिजवते. एकोणीस मुलं आहेत. ताटात भाताचं शीत टाकलेलं तिला खपत नाही, मग ते ताट मुलाचं असो की मास्तरांचं. एकदा तांदळाच्या पोत्यात टोके, म्हणजे किडे, निघाले. मास्तर म्हणाले, निवडून वापरा. तिने तसाच मूठभर शिजवला, त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "पयलो घास तुमी घेवा." पोतं त्याच दिवशी परत गेलं. अशी बाई सगळ्यांना आवडते असं मी म्हणणार नाही. मला आवडते.

तिच्या परसाच्या टोकाला एक जुनी सातवीण आहे आणि सातविणीच्या बुंध्याशी एक काळा दगड. तो आमचा राखणदार. वाडीच्या सीमा सांभाळतो. पांढरं धोतर नेसून, खांद्यावर कांबळं टाकून, हातात काठी घेऊन आणि बरोबर कुत्रा घेऊन फिरतो असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. वर्षातून एकदा त्याला नारळ आणि कोंबडा द्यायचा, त्याला राखण म्हणतात. ही राखण खरं तर भात झोडून झालं की द्यायची. पण मुंबईच्या मंडळींना रजा मिळत नाही म्हणून तीन वर्षांपासून आम्ही ती नाताळच्या आठवड्यात आणली आहे. राखणदाराने अजून काही तक्रार केलेली नाही.

गेल्या नाताळातही सगळी वाडी सातविणीखाली जमली होती. गाऱ्हाणं घालायला भाई. हे वाडीचे वडीलधारे, शाळेच्या समितीवर आहेत, देवळाच्या समितीवर आहेत, आणि समिती नसेल तिथेही ते असतातच. कोंबडा शिजवून पानावर वाढला होता. भाई डोळे मिटून शेवटच्या वाक्याला आले: "आनी तुझी नजर ह्या वाडयेर अशीच रवांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो.

आणि मागच्या काजूंतून एक कुत्रा बाहेर आला.

आमच्याकडचा कुत्रा नव्हे तो. बोकडाएवढा, पांढराशुभ्र, अंगावर बोट बुडेल एवढे केस, शेपटी पाठीवर वळलेली. डोळे दोन रंगांचे, एक तपकिरी आणि एक निळा. भाई तीस वर्षं राखणदाराला हाका मारत आहेत, पण हाकेला कुणी आलं ते पहिल्यांदाच. कुत्रा कुणाकडे न बघता पानापाशी गेला आणि कोंबड्याची तंगडी उचलून खायला लागला.

"मान घेतल्यान!" भाई म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

"मान खंयचो, उपाशी आसा तो," मागून जानकीकाकी म्हणाली. "फासळ्यो लागतत बगा हाताक."

तिने एवढ्यात हात लावूनही बघितला होता. पण ऐकतो कोण? निम्मी वाडी दगडापुढे आडवी झाली होती. भाईंनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की राखणदाराने आपला कुत्रा पाठवला आहे, त्याला बांधायचं नाही, मारायचं नाही, वाडीबाहेर घालवायचं नाही. आणि दगड जानकीच्या परसात, म्हणजे देवाने घरही निवडून दिलं आहे.

"माका कुतरो नको," काकी म्हणाली. "माज्यो कोंबड्यो आसत."

तिसऱ्या दिवशी त्यातल्या दोन नव्हत्या. वाडी म्हणाली, मान घेतल्यान.

मला या लोकांचा राग येतो तो इथे. कोंबड्या तिच्या, मान याचा, आणि पुण्य सगळ्या वाडीला! कुत्रा सकाळ-संध्याकाळ गंध लावून घेत होता. कुणी शिरा आणत होतं, कुणी बुंदी, कुणी नवसाचं खोबरं. त्याचं पोट बिघडलं की निस्तरायला काकी. त्याने तिचं नुकतंच चोपून सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, उकरलं, कारण खालची माती गार असते आणि त्याला तिच्यात पोट टेकून पडायचं असायचं. लाल माठाचे वाफे असेच गेले. माकडं आंब्यावर बसून मोहोर ओरबाडायची आणि हा खाली बसून त्यांच्याकडे कौतुकाने बघायचा. भुंकणं त्याला ठाऊकच नव्हतं. तिन्हीसांजेला मान वर करून हेल काढायचा फक्त. एरवी कुत्रा असा रडला तर आम्ही दगड मारून हाकलतो. याने हेल काढला की भाई अंगणात येऊन त्याचा अर्थ सांगायचे. एकदा शाळेच्या उतरणीवर तिने त्याला मानेला धरलं, तर त्याने असं ओढलं की उजवं मनगट महिनाभर सुजलेलं होतं. डाव्या हाताने खिचडी ढवळायची आणि त्याला शिव्या घालायची.

त्याच हाताने त्याचे केसही विंचरायची. हे मी बघितलं आहे. तांदूळ निवडायला बसली की तो येऊन तिच्या पावलावर डोकं ठेवायचा, आणि पाय बधिर झाला तरी ती पाय हलवायची नाही. नाव तिने ठेवलं धवळो. वाडीतले बाकी सगळे त्याला 'देवाचो' म्हणायचे. मी एकदा म्हटलं, "काकी, लळा लागलो तुका." तर म्हणाली, "लळो कसलो? गळ्यात पडलो तर काय बावडेत लोटू?"

तो आला कुठून, हे मी शोधून काढलं. पोस्टात बसलं की माणसांचा पत्ता लागतो, कुत्र्याचाही लागला. किनाऱ्याकडच्या एका घरगुती लॉजवर नाताळाआधी एक कुटुंब उतरलं होतं. येताना गाडीत पांढरा कुत्रा होता, जाताना नव्हता. नंबर मिळवून मी फोन लावला. पलीकडचा गृहस्थ अगदी गोड बोलला. "सापडला का? आम्ही खूप शोधला हो." मी म्हटलं, मग न्यायला कधी येताय? तो म्हणाला, "कसं आहे, फ्लॅटमध्ये त्याचे हालच होतात. तुमच्याकडे मोकळी जागा आहे, समुद्र आहे. तुम्हीच ठेवा ना." मी त्याला जे बोलले ते पोस्टातल्या माणसाने बोलू नये. परत लावला तर फोन लागेना.

हे मी भाईंना जाऊन सांगितलं. म्हटलं, राखणदाराने नाही, गाडीवाल्याने टाकला आहे. भाई शांतपणे म्हणाले, "आनी गाडयेवाल्याक बुद्धी कोणी दिल्यान?"

मी घरी आले.

काकीने मात्र ऐकून घेतलं आणि बराच वेळ धवळ्याच्या कानामागे खाजवत बसली. "म्हंजे टाकलेलो आसा," एवढंच म्हणाली.

फेब्रुवारी संपला आणि ऊन चढायला लागलं. आमचं ऊन नुसतं तापत नाही, ते अंगाला चिकटतं. धवळो दिवसभर जीभ लोंबकळत ठेवून धापा टाकायचा. न्हाणीच्या ओल्यात जाऊन पडायचा, शाळेच्या नळाखाली पडायचा. लोक म्हणायचे, देव जागो आसा, झोपत नाय. काकी बंदरावर जायला लागली. मासळीवर घालतात तो बर्फ घमेल्यातून आणायची, गोणपाटावर पसरायची आणि त्याला वर झोपवायची. सगळ्या घराला बांगड्याचा वास. तो बर्फ तास-दीड तास टिकायचा.

मार्चच्या मध्यावर, भर दुपारी, शाळेतून येताना तो कातळावर कोसळला. डोळे उघडे, पाय ताठ, तोंडाला फेस. काकीने हाक मारली ती मला पोस्टात ऐकू आली. सत्यवान मासळीचा टेम्पो घेऊन कुडाळला निघाला होता. आम्ही दोघींनी धवळ्याला उचलून मागे बर्फाच्या क्रेटांमध्ये घातलं आणि त्याच्याबरोबर चढलो. सगळ्या वाटेत काकी त्याच्या पोटावर हाताने बर्फ चोळत होती. तिची बोटं पांढरी पडली होती. मी म्हटलं, मी चोळते. तिने माझा हात झटकला.

कुडाळला जनावरांची डॉक्टर रिशेल फर्नांडिस. तिशीतली मुलगी, बोलायला सरळ. तिने सलाईन लावलं, ताप मोजला, तासाभराने त्याने शेपटीचं टोक हलवलं. मग ती काकीसमोर स्टूल ओढून बसली.

"मावशी, ही बर्फातल्या मुलखातली जात. हे केस कापून उपयोग नाही, उलट कातडी भाजेल. आज वाचला. पण एकदा असं झालं की पुन्हा लवकर होतं. मे महिना हा इथे खाली किनाऱ्यावर काढणार नाही."

"मी रोज बर्फ घातलंय तर?"

"आणि तुम्ही शाळेत गेलात की?"

डॉक्टर आता घरच्या भाषेवर आली. "मावशे, तू तेका जीव लावलंस ता दिसता. पण तेका तू नको, थंडी व्हयी." मग तिने आंबोलीच्या गुरुदासांबद्दल सांगितलं. घाटावर त्यांची रोपवाटिका आहे. याच जातीचा एक कुत्रा त्यांच्याकडे बारा वर्षं होता, म्हातारा होऊन गेला. "फोन करू?"

"रव," काकी म्हणाली. "माका इचार करूक दी."

तीन दिवस ती विचार करत होती. मला तो विचार दिसत होता. तिने खोलीच्या खिडक्यांना ओली गोणपाटं बांधली. मला पोस्टातून दर तासाला येऊन ती भिजवायला लावली. भाईंच्या घरी जाऊन, ती कधी कुणाच्या दारात काही मागायला जात नाही तरी गेली, आणि म्हणाली, वाडयेचो देव आसा तर वाडयेन पाळी लावून बर्फ हाडूया. भाई म्हणाले, देवाक कसलो बर्फ? तिसऱ्या दिवशी शाळेत आमटीत दोनदा मीठ पडलं. एकोणीस मुलं एकमेकांकडे बघत राहिली. तिनेच चव घेतली, पातेलं उचललं आणि मागच्या बाजूला ओतून टाकलं.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. "देवाचो म्हणान ठेवलो तरी मरतलो, माजो म्हणान ठेवलो तरी मरतलो," ती म्हणाली. "लाव त्या डाक्टरणीक फोन."

गुरुदास स्वतः येऊन बघून गेले. कमी बोलणारा माणूस. धवळ्याजवळ उकिडवे बसले, पंजे उलटून बघितले, दात बघितले. "नेईन," म्हणाले, "पण परत मागायला यायचं नाही. जनावराला दोन घरं समजत नाहीत." काकीने मान डोलावली. दुसऱ्या कुणी तिला असली अट घातली असती तर घाटापर्यंत ऐकू गेलं असतं.

बातमी फुटायला वेळ लागत नाही. रविवारी, ऊन कलल्यावर, भाईंनी वाडी सातविणीखाली बोलावली. म्हणजे काकीच्याच परसात तिच्याविरुद्ध बैठक! धवळो मध्ये दगडाजवळच पडला होता, कपाळावर सकाळचं गंध आणि तोंडातून लोंबणारी जीभ.

"जानकी," भाई म्हणाले, "कुतरो तुझो नाय. वाडयेचो आसा. गेलो तर वाडयेचा वायट होतला. तेची जबाबदारी तू घेतलंस?"

"रवलो तर मरतलो. तेची कोण घेता?"

"देवाचो जीव, देव बघीत."

"देव बघता म्हणान मी पोरांक उपाशी ठेवणंय नाय भाई. चूल मी पेटयतंय."

कुणीतरी हसलं. भाईंना ते लागलं. ते म्हणाले, हवं तर कौल लावू. आमच्याकडे देवाला विचारायची ती रीत: मूर्तीला कळ्या लावायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण देवळाच्या पुजाऱ्याच्या घरी बाळ जन्मल्यामुळे सोयर होतं, कौल दहा दिवसांनी लागणार होता.

"दहा दीस?" काकी म्हणाली. "ऊन थांबतला दहा दीस?"

तेव्हा भाईंनी ठेवणीतलं काढलं. "मगे आयक. देवाचो कुतरो भायर धाडणाऱ्या हाताचा जेवाण आमची पोरां जेवची नाय. मी समितयेत सांगतलंय."

शाळेतलं ते काम म्हणजे काकीचं सगळं होतं, पोट पण आणि दिवस पण. मला वाटलं, आता मी काहीतरी बोलायला हवं. मी बोलले नाही. मी तेव्हा पायाखालचा पाला बघत होते, याची मला अजून लाज वाटते.

काकीने पदर खोचला. वाटलं, भाईंच्या अंगावर जाणार. ती दगडाकडे गेली. धवळ्याला ओलांडून पुढे झाली, दगडावरचा पाला हाताने झाडला, आणि आमच्याकडे पाठ करून हात जोडले. एकोणीस मुलांना पंगतीत गप्प करणारा तो आवाज निघाला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी म्हणाली.

कुणी ठरवून म्हणालं नाही. जन्मापासून ती हाक कानावर पडली की आमचं तोंड आपोआप उघडतं. पुढे वाक्य कुणाचं आहे, हे बघायला वेळच मिळत नाही.

"ह्या सातविणीच्या मुळात बसलेल्या, चार सीमा राखणाऱ्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ही जानकी तुझ्या दगडार पडलेलो पालो रोज झाडता, ती आज तुझ्यापुढे उबी आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो धवळो कुतरो तुझो असलो, तर तुका घाट काय आनी किनारो काय, सगळोच मुलूख तुझो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी तुझो नसलो, तर कोणीतरी गाडयेतसून टाकलेलो मुको जीव आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता काही आवाज अडखळले होते, पण मागच्यांनी उचलून धरलं.

"तेका उनात भाजून मारल्याचा पाप ह्या वाडयेच्या पोराबाळांच्या माथ्यार येव नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे आयांनी म्हटलं, मोठ्याने.

"उद्या सकाळी तो घाटार जाता. जो कोण आडवो येयत, तेचा काय ता तू बघून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि या शेवटच्या होकारात सगळ्यात खणखणीत आवाज भाईंचा होता. तीस वर्षं दर राखणीला सगळ्यांच्या पुढे उभं राहिलेला माणूस. त्यांचं तोंड त्यांच्या आधी बोलून गेलं. मग त्यांच्या लक्षात आलं. चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"बायलमाणसान गाराणा घालूचा नसता," ते म्हणाले.

"घालून झाला," काकी म्हणाली, आणि खोचलेला पदर सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी आडवं आलं नाही. येणार कसं? स्वतःच्याच तोंडाने राखणदाराच्या हवाली झाले होते सगळे. सत्यवानने टेम्पो अंगणात लावला, पण धवळ्याला हात लावायला तो घाबरत होता. काकीने आणि मी चढवला. शाळेत तिने आयुष्यातली पहिली रजा टाकली होती.

सावंतवाडी मागे पडली, घाट लागला, वळणावळणाला हवा गार होत गेली. धवळो उठून बसला. नाक वर करून हुंगायला लागला. गुरुदासांच्या घरामागे झाडी होती, पाण्याचा एक ओहोळ होता आणि जांभ्याच्या फरशीची रुंद पडवी. तो आधी पाण्यात जाऊन उभा राहिला, मग ओल्या अंगाने पडवीत येऊन आडवा झाला. आम्ही चहा घेतला. थोड्या वेळाने काकीने माझ्या दंडाला चिमटा काढला.

"बग," ती म्हणाली. "तोंड मिटल्यान."

खरंच. तो नाकाने श्वास घेत होता, सावकाश, आणि पोट आमच्या पोटासारखं खालीवर होत होतं. तीन महिने मी त्या कुत्र्याला दिवसाउजेडी तोंड मिटलेलं बघितलंच नव्हतं. काकी उठली आणि त्याच्याजवळ न जाता सरळ टेम्पोत जाऊन बसली. परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "बरं केलंस काकी." तर माझ्यावरच उखडली. "बरा काय केलंय? गप रव." सावंतवाडी येईपर्यंत ती रडत होती, मोठ्याने, तोंड न लपवता. सत्यवान बिचारा हॉर्न वाजवत राहिला.

भाई मात्र शब्दाचे पक्के. समितीत त्यांच्या बाजूने हात कमी पडले, तेव्हा त्यांनी घरोघरी फिरून मुलांबरोबर डबे पाठवायला सांगितलं. आठ मुलं डबे घेऊन आली. काकीने एकोणीस ताटं मांडली, एकोणीस वाढली. आठ जणांनी डबाही खाल्ला आणि ताटही. आठवडाभराने आयांना सकाळी उठून डबे भरायचा कंटाळा आला.

मे महिन्यात वाडीच्या विहिरीवरचा पंप जळला. तो अकरा वर्षांचा जुना पंप, दर उन्हाळ्यात रडायचा. पण या वेळी कारण तयार होतं. त्यातच बाहेरगावचे सगळे सुट्टीला आलेले. एका सकाळी भाई पाच-सात जणांना घेऊन काकीच्या खळ्यात आले. मी कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होते. या वेळी मी बादली ठेवली आणि जाऊन काकीच्या बाजूला उभी राहिले.

"कुतरो गेलो आनी पंप जळलो," कुणीतरी म्हणालं.

"व्हय, माज्यामुळेच जळलो," काकी म्हणाली. "आनी गेल्या वर्साक कोणामुळे जळलो होतो?"

पण भाई भांडायला आलेले नव्हते. त्यांचा आवाज चक्क मऊ होता. झालं गेलं सोडून देऊ, म्हणाले. मुंबईच्या मंडळींनी ठरवलं आहे की तुझ्या पडवीला खोली काढून देतो, मोठा कूलर बसवतो, बर्फाची पाळी लावतो, लिहून देतो हवं तर. शाळेचंही कुणी परत काढणार नाही. तू फक्त घाटावर जा आणि त्याला घेऊन ये. तू गेलीस तर तो येईल.

मी तिच्याकडे बघितलं. दोन महिने गुरुदास माझ्या फोनवर धवळ्याचे फोटो पाठवत होते, आणि तिने त्यातला एकही बघायला मागितला नव्हता. आता तिला जे हवं होतं तेच सगळी वाडी हात जोडून देत होती.

भाईंनाही ते दिसलं. "तुका पण तो व्हयो आसा, जानकी," ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. "आमका काय कळणा नाय?"

काकीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलं नाही, मानही खाली घातली नाही.

"व्हयो आसा," ती म्हणाली. "तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्ती माका व्हयो आसा. पण थंय घाटार तो तोंड मिटून झोपता, भाई. म्हणान मी तेका परत हाडूचंय नाय."